वाळता रंग आणि माणसाचा चेहरा

दिवाळीच्या आधीच्या रविवारी घराघरांतल्या तसबिरी भिंतीवरून खाली उतरतात. जळमटे निघतात, काचेवरून ओले फडके फिरते, आणि वर्षभर ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते अशी पितरमंडळी घटकाभर आपल्या गुडघ्यांच्या उंचीवर येऊन टेकतात. आमच्या घरी त्यांत आजोबांचे एक तैलचित्र आहे. कोणा फिरत्या चित्रकाराने ते छायाचित्रावरून काढले असे सांगतात. पागोट्याचा पीळ न् पीळ मोजता येतो, उपरण्याची जर अजून चकाकते. डोळे मात्र कोणाकडेच पाहत नाहीत. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांचा या चित्रावरचा अभिप्राय पिढ्यान् पिढ्या एकाच शब्दाचा आहे : "हुबेहूब!"

त्याच भिंतीवर आजी नाही. तिचे चित्र कोणी काढवून घेतले नाही आणि छायाचित्र काढण्याइतकी उसंत तिला मिळाली नाही. ती कशी दिसत असे, असे विचारले की आमची आत्या एकच सांगे, "आक्काकडे बघ." आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. या लेखात पुढे रंगांविषयी आणि परदेशच्या चित्रांविषयी बरेच काही येणार आहे. पण त्या सगळ्याच्या मुळाशी भिंतीवरची ही रिकामी जागा आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

'हुबेहूब' या शब्दाला चित्रसमीक्षक नाक मुरडतात. मीही पुष्कळ वर्षे मुरडले. परंतु वात्स्यायनाच्या कामसूत्रावर टीका लिहिणाऱ्या यशोधराने चित्राची जी सहा अंगे सांगितली, त्यांत रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना आणि वर्णिकाभंग यांच्या पंक्तीला सादृश्यही बसवलेले आहे. तेव्हा चित्र त्या माणसासारखे दिसावे ही घरच्या माणसांची मागणी अडाणी नव्हे. प्रश्न एवढाच, की सादृश्य नेमके कशाशी? माणसाच्या छायाचित्राशी, की माणसाशी? आजोबांच्या चित्रकाराने पहिले पत्करले. आज व्यक्तिचित्र शिकू पाहणाऱ्यापुढेही तोच प्रश्न उभा आहे, आणि त्याच्या हातातल्या नव्या रंगाने तो अधिक टोकदार केला आहे.

हा नवा रंग म्हणजे ॲक्रिलिक. पाण्यात मिसळणारे कलावंतांचे ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९५५ च्या सुमारास बाजारात आले. आज आपल्याकडे निवृत्त झालेले गृहस्थ, दुपारची दोन तास मोकळीक मिळालेली गृहिणी, शाळकरी मुले, असे जे कोणी हौसेने चेहरे रंगवायला बसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या हाती हाच रंग असतो. कारणे उघड आहेत. टर्पेंटाइनचा वास नाही, ब्रश नळाखाली धुता येतात, आणि सकाळी रंगवलेला कॅनव्हास संध्याकाळी कपाटामागे उभा करून ठेवता येतो. दोन खोल्यांच्या संसारात ही सोय लहान नव्हे. पण हा रंग शिकवला जातो तो जणू तैलरंगाचा गरीब चुलतभाऊ म्हणून : तैलरंगासारखाच वापरायचा, फक्त जरा घाई करायची. माझ्या मते ही मुळातच चूक आहे. ॲक्रिलिकचे खरे नाते तैलरंगाशी नसून जलरंगाशी आहे, आणि ते ओळखले तर शिकणाऱ्याचे निम्मे हाल वाचतील.

आपल्या व्यक्तिचित्रांची परंपरा तैलरंगात वाढली. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. पाश्चात्त्य शिस्तीचे डोक्याचे रेखाटन, छायाप्रकाश आणि तैलरंग हे सारे एकत्रच आपल्याकडे आले आणि रुजले. गोव्याच्या त्रिंदादांना १९२० साली सोसायटीचे सुवर्णपदक मिळवून देणारे 'फ्लोरा' हे त्यांच्या पत्नीचे चित्र घ्या, किंवा पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली नारायणरावांची दोन चित्रे घ्या, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. अशा चित्रांत गाल कोठे संपतो आणि सावली कोठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येत नाही. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो. आज लावलेल्या उजेडात उद्याची सावली हलकेच ओढून घेता येते, कड विरघळवता येते. चित्रकाराला विचार बदलायला सवड मिळते. या सवडीतूनच आपल्या व्यक्तिचित्रांचा तो मऊपणा आला.

ॲक्रिलिक ही सवड देत नाही. त्यात रंगद्रव्य एका कृत्रिम राळेच्या सूक्ष्म कणांसह पाण्यात तरंगत असते. पाणी उडाले की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा बनतो, आणि एकदा बनलेला पापुद्रा पुन्हा पाण्याने विरघळत नाही. पातळ हात असेल तर हे सारे काही मिनिटांत होते. मुंबईच्या पावसाळ्यात थोडे उशिरा, नागपूरच्या मे महिन्यात ब्रश उचलता उचलता! शिवाय एक खोड अशी, की ओला असताना ही राळ दुधट दिसते आणि वाळली की पारदर्शक होते. त्यामुळे वाळलेला रंग ओल्यापेक्षा गडद निघतो. भिंत रंगवताना याने काही बिघडत नाही. गालावर मात्र ही एवढीशी छटा माणसाला आजारी पाडू शकते. त्यातून रंगाचा वेग लांबवणारी द्रव्ये मिळतात, सावकाश वाळणारे ॲक्रिलिकही निघाले आहेत. पण ही सारी त्या रंगाला त्याच्या स्वभावाविरुद्ध वागायला लावण्याची खटपट होय.

याचा अनुभव मी स्वतः घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहून झाल्यावर उतारवयात एका शिकवणीत नाव घातले. शिकवणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी आक्काचा फोनवरचा एक फोटो मोठा करून छापून आणायला सांगितला, त्यावर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चौकटी आखल्या, कॅनव्हासवर तशाच मोठ्या चौकटी आखून दिल्या, आणि 'एकेक चौकट भरत चला' म्हणाले. त्वचेसाठी तयार रंगाची एक ट्यूब दिली. गुलाबी, साबणाच्या वडीसारखा रंग! पहिल्या दिवशी मी कपाळ रंगवले, दुसऱ्या दिवशी गाल. दोहोंचे पटेना, कारण कालचा रंग वाळून गडद झालेला आणि आजचा अजून ओला. मग तैलचित्रासारखे दोन्ही एकमेकांत मिसळायला गेलो, तर अर्धवट वाळलेला पापुद्रा ब्रशाबरोबर सालासारखा निघून आला. तीन आठवड्यांनी चौकटी भरल्या. नाक जागेवर, चष्मा जागेवर, कुंकूसुद्धा जागेवर.

आक्का आली तेव्हा तिने चित्र लांबून पाहिले, जवळून पाहिले, आणि म्हणाली, "अरे, इतकी गप्प मी कधी बसले होते?"

आमची आक्का क्षणभर गप्प बसत नाही हे तिला ओळखणारा कोणीही सांगेल. इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही समीक्षेने इतके नेमके बोट ठेवल्याचे मला आठवत नाही. मी आक्काचे चित्र काढलेच नव्हते. एका सेकंदाच्या शंभराव्या भागात तिचे तोंड जसे मिटलेले होते, त्याचे ते चित्र होते. आजोबांच्या चित्रकाराला मी हसत होतो आणि त्याच्याच पावलावर पाऊल टाकून आलो होतो.

आता सारा दोष चौकटींच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे. अमेरिकन चित्रकार चक क्लोज याने १९६७-६८ मध्ये केलेले स्वतःचे प्रचंड व्यक्तिचित्र मिनिआपोलिसच्या वॉकर कलाकेंद्रात आहे. सुमारे नऊ फूट उंच, सात फूट रुंद, ॲक्रिलिकमध्ये, आणि छायाचित्रावर आखलेल्या चौकटींवरूनच. विस्कटलेले केस, ओठांत सिगारेट, दाढीचा खुंट न् खुंट. मग हे चित्र आपल्या आजोबांसारखे मेलेले का नाही? कारण क्लोजने लबाडी केली नाही. छायाचित्रात जो भाग भिंगाच्या टप्प्याबाहेर जाऊन अंधूक झाला होता, तो त्याने अंधूकच रंगवला. 'हा माणूस आहे' असे तो म्हणत नाही. 'कॅमेऱ्याने पाहिलेला माणूस हा असा दिसतो' असे म्हणतो. आपण चौकटींनी छायाचित्र उतरवतो आणि वर माणूस उतरवल्याचा दावा करतो, तिथे गफलत होते. आणखी एक गोष्ट शिकणाऱ्याने टिपून ठेवावी. क्लोजने त्या चित्रात पांढरा रंग वापरलाच नाही. अगदी थोडा काळा रंग पातळ करून फवारला, आणि उजेडासाठी कॅनव्हासचे पांढरे अस्तर तसेच राखले. कागदाचा पांढरेपणा राखणारा जलरंगाचा चित्रकार याहून वेगळे काय करतो?

आपल्याकडे ॲक्रिलिकचे थोर चित्रकार झाले नाहीत असे नाही. जे. जे. मध्ये शिकलेल्या सय्यद हैदर रझांनी १९६० नंतरच्या दशकात हा रंग जवळ केला. तय्यब मेहतांचे १९९५ चे 'सेलिब्रेशन' ॲक्रिलिकमध्ये आहे. परंतु या दोघांना त्या रंगाचे सपाट, निर्मळ, काठोकाठ भरलेले पृष्ठ हवे होते. गालावरचा उजेड नको होता. अमुक एका माणसाचा चेहरा ॲक्रिलिकमध्ये रंगवताना काय झगडा होतो, हे पाहायचे तर माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

डेव्हिड हॉकनी याचे ते चित्र, 'मिस्टर अँड मिसेस क्लार्क अँड पर्सी', १९७०-७१ सालचे. सात फूट उंच, दहा फूट रुंद. हॉकनीचे मित्र, वेशभूषाकार ऑसी क्लार्क आणि कापडावरचे नमुने रचणारी त्याची पत्नी सीलिया बर्टवेल, आपल्या खोलीत. ती कमरेवर हात ठेवून उभी. तो खुर्चीत रेललेला, अनवाणी पावले मऊ गालिच्यात बुडालेली, मांडीवर पांढरे मांजर. दोघांच्या मधोमध उंच खिडकी, आणि तिच्यातून येणारा दिवसाचा उजेड. दोघेही आपल्याकडे पाहतात. एकमेकांकडे पाहत नाहीत. इथे बाई उभी आहे आणि पुरुष बसला आहे. नवराबायकोत काहीतरी अवघडलेले आहे हे सांगायला चित्राशेजारी कोणी निवेदक उभा करावा लागत नाही. दोन वर्षांपूर्वीच, १९६९ मध्ये, त्यांचे लग्न झाले होते आणि हॉकनी त्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा होता. १९७४ मध्ये ते मोडले.

या चित्रात भिंत, खिडकीच्या झडपा, टेबल, फुलदाणी पाहा. हे सगळे ॲक्रिलिकने चित्रकाराला जवळजवळ फुकट दिले आहे : सपाट, शांत, ब्रशाची खूण नसलेले. मग चेहऱ्यांकडे वळा. उजेड पाठीमागून येत असल्यामुळे चेहरे सावलीत आहेत आणि तरी त्यांना गोलाई हवी आहे. तैलरंगाने जे सहज साधले असते तेच इथे महाकर्म होऊन बसले. एकट्या ऑसीचे डोके हॉकनीने बाराएक वेळा रंगवले असे सांगतात. हे ऐकून शिकणाऱ्याने घाबरून जाऊ नये; उलट धीर घ्यावा. तैलरंगात चूक झाली तर ती ओली असताना सावरता येते. ॲक्रिलिकमध्ये चूक वाळते आणि तिच्यावर नवे डोके रंगवता येते, खालचा रंग वर येऊन चिखल करीत नाही. एक रंग दुरुस्तीची मुभा देतो, दुसरा पुन्हा पाहण्याची. बारा वेळा रंगवलेले डोके म्हणजे बारा वेळा पाहिलेला मित्र. त्या चित्रातला ऑसी भिंतीइतका गुळगुळीत नाही, थोडा अडखळलेला आहे. आणि चित्राचा जीव त्या अडखळण्यातच आहे.

परंतु याच रंगाने हॉकनीला पुढे हरवलेही. जॉर्ज लॉसन आणि वेन स्लीप या जोडीचे चित्र तो १९७२ ते १९७५ रंगवीत राहिला आणि अखेर सोडून दिले. मग त्याने स्वतःच्या आईवडिलांचे चित्र काढले. १९७७ मध्ये पूर्ण झालेले 'माय पेरेंट्स' तैलरंगात आहे. आई हात मांडीवर घेऊन मुलाकडे पाहते आहे, वडील पुस्तकात वाकलेले आहेत. तिथे चेहऱ्यावरची माया ब्रशाच्या ओलाव्यातून उतरलेली दिसते, आणि ॲक्रिलिकचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्याने ते मुकाट्याने कबूल केले पाहिजे. तैलरंगाचे जे आहे ते तैलरंगाचेच. ॲक्रिलिककडून ते मागू नये.

मग ॲक्रिलिककडून काय मागावे? याचे उत्तर मला लंडनमध्ये नव्हे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या एका चित्रात सापडते, आणि दिवाळीच्या अंकात त्याचे नाव निघावे हा योग चांगला आहे. सा. ल. हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप'. एका हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताच्या आडोशाने ज्योत सांभाळणारी स्त्री. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आणि चेहऱ्यावर पडतो. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारला. हे चित्र त्यानंतर सुमारे चार दशकांनी आपल्या सावंतवाडीकडच्या हळदणकरांनी रंगवले, त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती, आणि विशेष म्हणजे ते तैलचित्र नसून जलरंगातले आहे. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. तो आधी कागदात पाहून ठेवावा लागतो आणि त्याच्याभोवती एकावर एक पातळ हात देत सावली आणावी लागते. दिवा उजळतो तो भोवतीचा अंधार थराथराने दाट होत गेल्यामुळे.

ॲक्रिलिकचा खरा गुरू हा आहे. जलरंगात वरचा ओला ब्रश खालच्या थराला हलवील ही धास्ती सतत असते. ॲक्रिलिकचा वाळलेला थर हलत नाही. म्हणजे हळदणकरांना जे श्वास रोखून करावे लागे, ते तुम्हांआम्हांला निर्धास्तपणे करता येते. आणि जलरंगात नसलेली आणखी एक सवलतही मिळते : चुकलाच उजेड, तर वर पांढरा रंग दाट लावता येतो. ज्या घाईने वाळण्याबद्दल आपण या रंगाला शिव्या देतो, तीच त्याची देणगी ठरते.

हे पटल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. ते गुलाबी साबण फेकून दिले. रंगीत खडू करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने आपल्या 'फ्लेश' नावाच्या खडूचे नाव १९६२ मध्येच बदलून 'पीच' केले. तरी आपल्याकडे अजूनही माणसाच्या कातडीला एकच रंग असतो अशा समजुतीच्या ट्यूबा खपतात. आपल्या भाषेला तरी असे वाटत नाही. गहूवर्णी, निमगोरा, सावळा, काळासावळा, लिंबाच्या सालीसारखा, असे कितीतरी वर्ण आपल्या आज्यांना लग्न जमवताना पाठ होते! आक्का सावळी आहे. पिवळी माती, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि जपून घेतलेला पांढरा एवढ्या चार रंगांत ती सापडते. सिएना आणि अल्ट्रामरीन मिळून जो खोल अंधार होतो तो काळ्या ट्यूबेतल्या अंधाराहून जिवंत असतो. आणि सावळ्या कपाळावरची चमक पांढरी नसते. खिडकीतल्या आभाळाची थोडी निळाई तिच्यात असते. हे फोटोत दिसले नव्हते. आक्का खिडकीशी बसली तेव्हा दिसले.

कॅनव्हासवर आधी मातकट रंगाचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही त्याच्याशी ताडून पाहता येतात. डोळे, नाक असे सुटे अवयव न पाहता आधी सावलीचा एकच मोठा आकार मांडावा. मिसळलेला प्रत्येक रंग कागदाच्या पट्टीवर लावून, वाळू देऊन, मगच चेहऱ्याला लावावा. पॅलेटखाली ओले फडके आणि वर बटर पेपर ठेवला तर रंग तासभर टिकतो. एक हात वाळेपर्यंत ब्रश खाली ठेवावा आणि नुसते माणसाकडे बघावे. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. तैलरंगात हात थांबत नाही. इथे रंगच तुम्हांला दर दहा मिनिटांनी थांबवतो. त्या थांबण्यात आक्का बोलते. गव्हाच्या भावावर बोलते, शेजारणीच्या सुनेवर बोलते, आणि बोलताना तिची उजवी भुवई डावीपेक्षा वर जाते. साठ-सत्तर वर्षांत मी ती भुवई पाहिलेली नव्हती.

या रंगाचे दोषही सांगून ठेवतो. तैलरंगासारखा तो पिवळा पडत नाही हे खरे, पण उष्णतेत त्याचा पापुद्रा मऊ राहतो आणि आपल्याकडची धूळ त्याला आवडीने चिकटते. पुढच्या कोणा दिवाळीत चित्रावरून ओले फडके फिरवू पाहणाऱ्या सुनेला आधीच बजावून ठेवावे लागेल. कडा कितीही प्रयत्न केला तरी तैलरंगासारख्या विरघळत नाहीत. आणि ज्याला विचार बदलत बदलतच विचार करता येतो, अशा स्वभावाच्या माणसाने खुशाल टर्पेंटाइनचा वास सोसावा.

पण ज्या घरांच्या भिंतीवर आजोबा आहेत आणि आजी नाही, त्या घरांना हा रंग उपयोगी आहे. पूर्वी चित्र काढवून घ्यायला चित्रकार बोलवावा लागे, पैसा लागे, आणि कोणाचे काढायचे हे ज्याच्या हाती पैसा असे तो ठरवी. आज स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी, जेवणाच्या टेबलावर, घरच्याच कोणी घरच्याच कोणाला पाहत बसावे अशी सोय झाली आहे. निघालेली चित्रे हुबेहूब नसतील. पण त्यांच्यासाठी कोणीतरी कोणाकडे दहा तास बघितलेले असेल.

आक्काचे दुसरे चित्र अजून पुरे झालेले नाही. भुवई साधली आहे, कपाळावरची निळाई साधली आहे. तोंड चार वेळा रंगवून चारही वेळा फसले आहे. यंदा भाऊबीजेला सांगलीला तिच्याकडे जाताना रंगांची पेटी बरोबर नेणार आहे. ओवाळणी झाली की तिला खिडकीशी बसवायचे आणि या खेपेला तोंड मिटायला सांगायचे नाही, असे ठरवले आहे.